बर्फावरची खुर्ची

आमच्या आल्डेविर्ड गावातले दोर वळणारे लोक जन्मभर उलटे चालतात. ही चेष्टा नाही, धंदाच तसा आहे. कमरेभोवती वाखाचा भारा गुंडाळायचा, त्याची एक बट चाकाच्या आकड्यात अडकवायची, चाक फिरवायला दुसऱ्या कुणाला तरी उभं करायचं आणि आपण बोटांमधून वाख सोडत मागे मागे सरकत राहायचं. दोर लांबत जातो, माणूस मागे जातो. कालव्याकाठच्या त्या लांबलचक छपराखाली तरुणपणी शिरलेला माणूस म्हातारा होऊन बाहेर पडतो, तोवर त्याची पाठीच्या दिशेने पृथ्वीप्रदक्षिणा झालेली असते. वाटेत त्याला काही दिसलेलं नसतं, एवढंच.

आता ज्या धंद्यात डोळसांनाही आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, तिथे आंधळ्याचं काय अडणार? हिस्केचंही काही अडलं नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांवर जन्मापासून दुधावर धरते तशी साय होती. उजेड आहे की अंधार, एवढं तिला कळायचं. बाकी सगळं हात, कान आणि नाक यांच्या हवाली. आईबाप गेल्यावर ती आणि तिचा थोरला भाऊ डौवे दोघंच राहिली. डौवे चाक फिरवी, हिस्के दोर वळी, आणि दिवसभर दोघं एकमेकांवर ओरडत. चाक आणि दोरवाली यांच्यात अंतर वाढत जातं, म्हणून ओरडावं लागतं, असं डौवे सांगे. घरी जेवायला एका टेबलावर बसल्यावर अंतर कुठे असतं, हे मात्र त्याला कधी सांगता आलं नाही.

हिस्के हट्टी होती. देवळात ती मुद्दाम सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत बेसूर गायची, पाद्रीबुवांनी विनवलं तर म्हणाली, "देवाने डोळे दिले नाहीत तेव्हा मी तक्रार केली नाही. आता आवाज दिलाय, तर त्याने करू नये." बाजारात हेरिंग मासा ती स्वतः निवडून घेई, आणि कोळीण जो पुढे करील तो सोडून दुसराच उचली. बऱ्याचदा तो वाईट निघे. तरी पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

एका बाबतीत मात्र तिचा हट्ट चालत नसे. कालवा गोठला की आमचं गाव बर्फावर राहायला जातं. पाद्री, खाटीक, सुईण, पोटुशा बायका, सगळे पायांना लोखंडी पात्या बांधून सुटतात. मी तेव्हा कालव्यावर बिअरची खानावळ चालवत होतो (अजूनही चालवतो), आणि तीसुद्धा हिवाळ्यात चार फळ्यांवर बर्फात येऊन उभी राही. आमच्याकडे रीत अशी की, माणसाने एकदा तरी आपल्या पायांनी कालव्यावरून हार्लिंगेन बंदरापर्यंत जावं, तिथून लांब दांडीचा मातीचा पाईप घ्यावा, टोपीत खोचावा आणि न मोडता घरी आणावा. ज्याने आणला तो मोठा माणूस. ज्याने नाही आणला तो मिशा पांढऱ्या झाल्या तरी पोर.

हिस्के तिशी उलटली तरी पोर होती. ती बर्फावर यायची ती खुर्चीत बसून. लाकडी खुर्ची, खाली दोन लोखंडी पट्ट्या, पायाशी निखाऱ्यांची शेगडी आणि मागे दांडा धरून डौवे. डौवे प्रेमळ होता, पण गरम बिअरचं पातेलं दिसलं की त्याचे पाय आपोआप थांबत. मग माझ्या फळ्यांपाशी हिस्के तशीच खुर्चीत. सगळं गाव तिच्या दोन्ही बाजूंनी सूंऽ सूंऽ करत जायचं.

एकदा मी तिच्या हातात गरम पेला दिला, तेव्हा ती म्हणाली, "कानांजवळून वारा जातोय ना, तो सगळा दुसऱ्यांनी केलेला वारा आहे."

"डौवेला सांग की, हार्लिंगेनला घेऊन जाईल."

"घेऊन जाईल!" ती फणकारली. "मला कुणी न्यायला नकोय. मला जायचंय."

मी तिला आणखी बिअर दिली. माझ्याकडे बहुतेक प्रश्नांना तेवढंच उत्तर असतं.

आता विद्वानांकडे वळतो. आमच्या गावाला एक विद्यापीठ आहे. लहानसंच, पण भांडणं मोठ्या विद्यापीठाइतकी. त्यातले दोन प्रोफेसर रोज माझ्याकडे येत आणि एकाच टेबलावर बसून एकमेकांचा पाणउतारा करत. प्रोफेसर हाक्मा उंच, वाळलेले, खिडकी बंद करून विचार करणारे. प्रोफेसर स्टेलिंग गोल, घामट, आणि दिसेल ती वस्तू हातात घेऊन, वास घेऊन, शक्य असल्यास चाटून बघणारे. भांडणाचा विषय एकच: माणसाला जे कळतं ते येतं कुठून?

"आतून!" हाक्मा म्हणत. "दुधात चीज आधीपासून असतं, विरजण लावलं की वर येतं. तसं बुद्धीत ज्ञान आधीपासून असतं. डोळेबिळे हे लबाड साक्षीदार. काठी पाण्यात घाला, वाकडी दिसते. वाकली का?"

"आणि ती सरळ आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? हातानेच ना?" स्टेलिंग टेबलावर थाप मारत. "माणसाचं मन म्हणजे लोण्याचं रिकामं पिंप, हाक्मा. वरून जे टाकाल तेवढंच आत. तुमच्या पिंपात काय टाकलं होतं, ते मी सभ्यपणामुळे सांगत नाही."

"तीन आणि दोन पाच, हे कुठल्या पिंपात टाकलं होतं? पाच तुम्ही कधी चाटून पाहिलंत?"

"पाच हेरिंग पाहिलेत!"

असं रोज. एके दिवशी उन्हाळ्यात स्टेलिंगनी पेच टाकला. समजा, जन्मांध माणूस आहे. चेंडू कोणता आणि चौकोनी ठोकळा कोणता, हे त्याला हात लावून नेमकं कळतं. उद्या त्याला दृष्टी आली आणि चेंडू-ठोकळा समोर ठेवले, तर हात न लावता, नुसतं बघून तो ओळखील का?

"ओळखील," हाक्मा म्हणाले. "गोल म्हणजे काय हे त्याच्या बुद्धीला ठाऊक आहे. दार हाताचं असो की डोळ्याचं, घर एकच."

"नाही ओळखणार. डोळ्याने त्याने आजवर काही टाकलेलंच नाही पिंपात."

टेबल पुसता पुसता माझी बायको बाउक्ये म्हणाली, "अहो, समजा कशाला? हिस्के आहे की. ग्रोनिंगेनहून तो डोळ्यांचा वैद्य येतोय जत्रेला, सुईने साय खाली ढकलणारा. घाला त्याच्या पुढ्यात. पण आधी तिला विचारा. नाहीतर विद्वान लोक विचारायचं तेवढं विसरतात."

दोघे ताबडतोब उठले. पैसे न देताच उठले, म्हणून मी मागोमाग गेलो.

हिस्के छपराखाली कामात होती. कमरेला वाख, बोटांत दोर, आणि पावलं मागे चाललेली. हाक्मांनी टोपी काढून, घसा साफ करून बोलायला सुरुवात केली, आणि लक्षात आलं की ती लांब गेलीय. मग दोघे तिच्या मागे, म्हणजे तिच्या तोंडासमोर, भरभर चालत बोलू लागले. ती थांबेना, कारण दोर थांबवला की पीळ बिघडतो. विद्यापीठाचे दोन खांब दोर वळणाऱ्या बाईपुढे धापा टाकत चाललेत आणि बाई एकसारखी माघार घेतेय, असा तो देखावा होता.

"म्हणजे तुम्ही माझे डोळे उघडणार?" तिने विचारलं.

"वैद्य उघडील. आम्ही, हुश्श, सगळी व्यवस्था करू."

"आणि दुखेल?"

"बुद्धीने पाहिलं तर दुःख हे..." हाक्मा म्हणू लागले.

"दुखेल," स्टेलिंग म्हणाले. "खूप."

"मग मोबदल्यात मी एक चेंडू आणि एक ठोकळा ओळखायचा. एवढंच?"

"एवढंच. पण त्यावर माणसाच्या ज्ञानाचा उगम ठरणार आहे!"

"तो ठरवा तुमचा तुम्ही. पट्टी सुटली की पहिली नजर तुमची, कबूल. त्यानंतर माझ्या डोळ्यांवर कुणाचा हक्क नाही. कालवा गोठला की मी हार्लिंगेनला जाणार. स्वतः. वाटेत कुणी एक अक्षर बोलायचं नाही, कुणी हात धरायचा नाही. हे कबूल असेल तर वैद्याला बोलवा."

चाकापासून डौवे ओरडला, "काय गं, कोण आहे? काय म्हणतायत?"

"माझे डोळे उघडणार आहेत!" हिस्के ओरडली.

चाक थांबलं. पीळ बिघडला. पण त्या दिवशी ती त्याला बोलली नाही.

वैद्याने माझ्या माडीवर, उत्तरेच्या खिडकीपाशी काम केलं. डौवेने तिचं डोकं धरायचं ठरलं होतं. सुई पाहिल्यावर डौवेलाच धरायची वेळ आली, म्हणून बाउक्येने डोकं धरलं. हिस्केने हातात स्वतः वळलेल्या दोराचा तुकडा घेतला होता. ती ओरडली नाही. दोर मात्र नंतर पाहिला तर असा चेपला होता की, तो पुन्हा सरळ झालाच नाही.

काही दिवस अंधाऱ्या खोलीत गेले आणि पट्टी सोडायचा दिवस आला. माझ्या खानावळीत इतकी गर्दी की बिअर डोक्यांवरून द्यावी लागली. आणि तिथे आमच्या विद्वानांनी जी चूक केली, ती जगात दुसऱ्या कुठल्या गावाने केली नसती. चेंडू आणि ठोकळा लाकडाचे करायला सुताराला सांगितलं होतं. सुतार जत्रेत रमला. हाक्मांचा आग्रह होता की, दोन्ही वस्तू एकाच पदार्थाच्या, एकाच रंगाच्या हव्यात, फरक फक्त आकाराचा. स्टेलिंगनी इकडेतिकडे पाहिलं. खानावळीत एकाच पदार्थाच्या, एकाच रंगाच्या गोष्टी म्हणजे चीज. लवंग-जिरं घातलेल्या चीजचा एक गोल लाडू अख्खा ठेवला, दुसऱ्यातून सुरेख चौकोनी ठोकळा कापून घेतला. कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आमच्या गावात हवेलाच चीजचा वास असतो. दुसरा वास घेण्याचा प्रसंग कुणावर येतोच कुठे?

पट्टी सुटली. वैद्याने नाकावर जाड भिंगांचा चष्मा बसवला. हिस्केचे डोळे पाण्याने भरले होते. तिने समोर बघितलं, किंवा निदान तोंड त्या दिशेला केलं, आणि लगेच म्हणाली, "उजवीकडे ठोकळा, डावीकडे चेंडू."

हाक्मांनी आनंदाच्या भरात स्टेलिंगना मिठी मारली. स्टेलिंग पांढरे पडले. लोक ओरडू लागले. गर्दीत आवाज आला, "पिंप फुटलं!"

"थांबा," हिस्के म्हणाली. "मी ते बघून नाही सांगितलं. कापलेल्याचा वास येतो. लवंगेचा."

डौवे तिच्या कानाशी कुजबुजला, पण डौवेची कुजबुज छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. "अगं गप बसायचं होतंस! जिंकली होतीस ना!"

"मी काय यांच्यासाठी बघतेय? मला स्वतःला कळायला हवं, डोळ्यांनी कळतं की नाही. उद्या बर्फावर काय हुंगत हुंगत जाऊ?" तिने नाक चिमटीत धरलं. "आणा दुसऱ्या वस्तू."

सुताराला जत्रेतून उचलून आणलं. तासाभरात लाकडाचा चेंडू आणि लाकडाचा ठोकळा टेबलावर आले. हिस्के बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली.

"इथे एक काहीतरी आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि इथे दुसरं काहीतरी. दोन डाग. यातला चेंडू..." तिचा हात आपोआप पुढे गेला.

"हात नाही!" स्टेलिंग किंचाळले.

हात मागे आला. ती म्हणाली, "मला नाही कळत."

स्टेलिंगनी टोपी छताला लागेल इतकी उंच उडवली. हाक्मा सांगू लागले की बाई दमलीय, डोळे दुखतायत, भूमिती शिकवली असती तर. दोघांची जुंपली ती रस्त्यापर्यंत गेली. कुणाचंही लक्ष नाही असं पाहून हिस्केने दोन्ही वस्तू हातांत घेतल्या. एक गोल, एक चौकोनी. तिने त्या चष्म्यासमोर धरल्या, पुन्हा चाचपल्या, पुन्हा बघितल्या. आपली भीती तिने त्या दिवशी बाउक्येजवळ बोलून दाखवली: समोरचा ठोकळा ज्याला ओळखता येत नाही, त्याला कालव्याचा काठ कसा ओळखता येणार?

डौवे तर मोकळेपणाने म्हणाला, "झालं ना बघून? या वर्षी खुर्चीला नवी गादी शिवतो. मऊ."

"शीव," हिस्के म्हणाली. "मऊ शीव. लागेल."

आम्हाला वाटलं, तिने हाय खाल्ली. आम्ही तिला इतकी वर्षं ओळखत होतो, तरी असं वाटलं. नजर आम्हाला होतीच, पण कळत काही नव्हतं.

त्या शरद ऋतूत हिस्के बघायला शिकली, आणि तिने जितक्या चुका केल्या तितक्या आमच्या गावातल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून केल्या नसतील. धुराड्यातून निघालेला धूर पाहून तिने विचारलं, "इतका वाईट दोर कुणी वळलाय? पीळच नाही त्याला." झाडाची सावली अंगणात पडलेली पाहून ती घडी करायला वाकली. लांबची गाय आणि जवळची कोंबडी यांत मोठी कोण यावरून कोळणीशी भांडली आणि हरली. डौवेचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा म्हणाली, "आवाजावरून बरा वाटायचास रे." त्याने चार दिवस चाक मुकाट्याने फिरवलं. जिना उतरताना ती डोळे मिटून घेई. उघडे ठेवले तर पायऱ्या अंगावर येतात, म्हणे.

पण तिची एक पद्धत होती. रोज सकाळी एक वस्तू घ्यायची. आधी डोळे मिटून चाचपायची. मग डोळे उघडून, हात लावता लावता बघायची. मग हात मागे घेऊन नुसती बघायची. आणि मग पाठ फिरवून, ती वस्तू दुसऱ्या बाजूने कशी दिसेल याचा मनाशी अंदाज बांधायचा आणि जाऊन पडताळायचा. अंदाज चुकला की वस्तूला शिव्या द्यायची. स्टेलिंग येऊन म्हणत, "पाहा, अनुभव!" हाक्मा म्हणत, "पाहा, अंदाज! तर्क!"

"तुम्ही दोघं एकमेकांच्या उलट पिळत बसा," ती म्हणे, "आणि जरा उजेडातून सरका."

सावलीचा मात्र तिने पिच्छाच पुरवला. घडी करायला गेले आणि हाताला जमीन लागली, हा अपमान ती विसरली नव्हती. अंगणात उभी राहून ती हात हलवी, सावली हले. ढग आला की सावली जाई, ऊन आलं की परत येई. ती दिवसचे दिवस हेच बघत होती. शेजाऱ्यांना वाटलं, डोळ्यांबरोबर वैद्याने आणखी काहीतरी खाली ढकललंय.

मग कालवा गोठला.

आमच्याकडे पोरं खुर्ची ढकलत बर्फावर चालायला शिकतात. पुढे खुर्चीचा आधार, मागे आपण. हिस्के स्केट बांधून आली आणि तिने खुर्चीकडे बोट दाखवलं.

"डौवे, बैस."

"मी? अगं मी कशाला?"

"रिकामी खुर्ची हलकी पडते. गादी मऊ शिवलीयस ना? मग बैस."

मोठा मजबूत डौवे मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसला आणि अख्ख्या गावासमोर त्याची बहीण त्याला ढकलू लागली. पहिल्या दिवशी तिने त्याला काठावरच्या बोरूच्या झुडपांत घातलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बिअरच्या फळ्यांत. "डावीकडे! अगं डावीकडे! माझ्या डावीकडे!" अशा आरोळ्या दिवसभर चालत. ती पडे, उठे, चष्मा पुसे, पुन्हा दांडा धरी. गुडघे सुजले. आठवड्याभराने दांडा सुटला, तरी ती उभी होती. खुर्ची डौवेसकट एकटीच पुढे निघून गेली, आणि ती कशी थांबवायची हे डौवेला कुणी शिकवलेलं नव्हतं.

हार्लिंगेनला निघायची सकाळ उजाडली तेव्हा स्वच्छ ऊन होतं. कराराप्रमाणे कुणी बोलायचं नव्हतं. ती पुढे, मागे बऱ्याच अंतरावर दोन्ही प्रोफेसर, मी आणि रिकामी खुर्ची ढकलत डौवे. "दमली तर लागेल," तो म्हणाला होता. काळजी करायची तर खुर्ची हवी, एवढंच त्याला ठाऊक.

हिस्केचं स्केटिंग काही देखणं नव्हतं. बदक घाईत असल्यासारखं होतं. श्वासाच्या वाफेने चष्मा धुरकटे, मग ती थांबून पुसे. पण जात होती. आणि तिच्या कानांजवळून जो वारा जात होता, तो तिने केलेला होता.

पहिला पूल आला. पुलाखाली बर्फावर एक काळा पट्टा आडवा पडला होता. आमच्याकडे पोरांना पहिलं हेच शिकवतात: पुलाखाली जपून, तिथे बर्फ पातळ राहतो. ती थांबली. हाक्मांनी स्टेलिंगना कोपराने ढोसलं, स्टेलिंगनी हाक्मांना. हिस्केने वर सूर्याकडे तोंड केलं, हात लांब केला, बर्फावर आपल्या हाताची सावली पाहिली. मग पट्ट्याकडे पाहिलं. आणि सरळ त्या काळ्यावरून पलीकडे गेली. सावलीच होती.

मध्ये आभाळ भरून आलं. दुसरा पूल आला. त्याखाली तसाच काळा पट्टा. यावेळी ती थांबेना. वेगात होती, मघाचा पूल जमला होता, हुशारी आली होती. डौवेने तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला; करार म्हणजे करार. पण खरं सांगतो, माझ्याच तोंडात ओरड येऊन बसली होती. आणखी दोन क्षण आणि मी करार मोडला असता.

हिस्के धप्पकन खाली बसली. मुद्दाम. बसल्या बसल्या घसरत गेली, टाचा बर्फात रोवल्या, आणि त्या पट्ट्याच्या अलीकडे थांबली. पट्टा म्हणजे सावली नव्हती, उघडं पाणी होतं.

आम्ही धावत पोचलो. ती बसूनच होती. चेहरा बर्फासारखा.

"कसं कळलं?" हाक्मा ओरडले. करार तिथेच संपला.

"ऊन गेलंय," ती म्हणाली. दात वाजत होते. "ऊन नसताना सावली कशी असेल? मग ते सावली नव्हे."

"तर्क!" हाक्मांनी दोन्ही हात वर केले. "शुद्ध तर्क! हा पट्टा तिने आयुष्यात कधी पाहिलेला नव्हता!"

"आणि उन्हाबरोबर सावली जाते हे कुणी सांगितलं? अंगणात महिनाभर उभी राहून डोळ्यांनी पाहिलं तिने!"

"पाहिलं सगळ्या गावाने! 'मग' हा शब्द कुठे पाहिला? दाखवा मला 'मग' कुठल्या अंगणात पडलाय!"

"पण आधी पाहिलं नसतं, तर तुमचा 'मग' कशाच्या मागे लागला असता?"

खरं सांगू? मुद्दा चांगला होता. दोघांचाही. मीही तोंड घातलं. माझं म्हणणं होतं की बर्फाचा आवाज बदलला होता आणि तो तिने ऐकला असणार. झालं, आम्ही तिघे पाण्याच्या कडेला उभे राहून हातवारे करू लागलो. एक विद्वान वाळलेला, एक गोल आणि एक खानावळवाला, एवढं वजन एका जागी. खालून कुरकुर आवाज आला तेव्हा स्टेलिंगना वाटलं हाक्मा दात खातायत.

कमरेइतकंच पाणी होतं. पण कमरेपर्यंत गार पाण्यात उभं राहिलं की ज्ञानाचा उगम कुठे आहे याबद्दल माणसाची मतं तात्पुरती एक होतात. डौवेने खुर्चीची गादी बांधलेला दोर सोडून आम्हाला एकेक करून ओढून काढलं. बाहेर आल्यावर मी सगळ्यांत आधी हिस्केला शोधलं.

ती नव्हती. तिने काठ गाठला होता, स्केटसकट वाळलेल्या गवतातून लंगडत पुलाला वळसा घातला होता आणि पलीकडे पुन्हा बर्फावर उतरली होती. लांब एक ठिपका चालला होता, बदकासारखा डुलत. आम्ही हाका मारल्या. जिने आयुष्यभर पाठीच्या दिशेने वाट काढली होती, तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

प्रोफेसर जवळच्या शेतघरात शेकायला गेले. मी कुडकुडत डौवेबरोबर पुढे निघालो. हार्लिंगेनच्या धक्क्यावर ती आम्हाला सापडली. एका हातात वाटाण्याच्या सूपचा वाडगा. टोपीत लांब, पांढरा, मातीचा पाईप. समोर समुद्राकडे बघत होती.

"ती भिंत कसली आहे?" तिने विचारलं.

"भिंत नाही ती. पाणी आहे. लांबपर्यंत पाणी."

"मला भिंत दिसते." तिने थोडा विचार केला. "वास पाण्याचा आहे खरा. बघू. पुढच्या वर्षी त्याचं बघू."

डौवे खुर्चीचा दांडा धरून उभा होता. त्याच्या पापण्यांवर बर्फ जमला होता, आणि तो का जमला हे त्याला कुणी विचारू नये म्हणून तो मोठ्याने बोलू लागला, "चल आता. दमली असशील. बराच लांबचा पल्ला झाला. बस खुर्चीत, घरी नेतो."

हिस्केने वाडगा रिकामा करून परत दिला. चष्मा पुसला. टोपीतला पाईप चाचपला, मग टोपी उतरवून, हात न लावता, नुसता बघितला. शाबूत होता. मग टोपी चढवली आणि भावाच्या हातातून दांडा काढून घेतला.

"तू बैस," ती म्हणाली.

डौवे बसला. आणि खुर्ची घराकडे निघाली.